शब्दांचे अर्थ पाठ आहेत, पण वाक्यात वापरताना चुकतात: इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सिन्नर तालुक्यातील एका गावात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले असून सध्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढील शिक्षणासाठी नोव्हेंबरमध्ये जीआरई परीक्षा द्यायची आहे. त्यासाठी गेल्या पाच महिन्यांत मी दोनशे पानी वहीत सुमारे नऊशे अवघड इंग्रजी शब्द लिहून काढले. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे त्याचा मराठी अर्थ, अशी ती वही आहे. उजवी बाजू झाकून कोणी विचारले, तर दहापैकी नऊ शब्दांचे अर्थ मला न अडखळता सांगता येतात.

असे असूनही सराव परीक्षेतील रिकाम्या जागा भरताना माझी निवड वारंवार चुकते. लिहिताना तर त्याहून वाईट अवस्था होते. प्रवेश अर्जासोबत द्यायच्या निवेदनात मी गावाविषयी लिहिले होते, ‘काइंडनेस इज रॅम्पंट इन माय व्हिलेज’. पुढच्या परिच्छेदात लिहिले होते की शिष्यवृत्तीमुळे माझी फी ‘मिटिगेट’ झाली. आमच्या प्राध्यापिकांनी दोन्ही शब्दांखाली लाल रेघ ओढून समासात एवढेच लिहिले, ‘अर्थ माहीत आहे, शब्द माहीत नाही.’ मी वही उघडून पाहिली. ‘रॅम्पंट’समोर ‘सर्वत्र पसरलेला’ आणि ‘मिटिगेट’समोर ‘कमी करणे’ असे लिहिले आहे. शब्दकोशाशी पडताळून पाहिले, तर अर्थ चुकीचे म्हणता येत नाहीत. मग नेमके काय चुकले, हे मला अजून उमगलेले नाही.

मराठी अर्थ सोडून इंग्रजी व्याख्या पाठ कराव्यात का? व्याख्येतच दोन नवे अवघड शब्द निघाले तर काय करावे? उदाहरणाची वाक्ये कुठून घ्यावीत आणि एका शब्दासाठी किती घ्यावीत? पाच महिन्यांचे कष्ट वाया गेले, असे मानून नव्याने सुरुवात करावी का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाटीपेन्सिल

मी सव्वीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवले आणि तुमच्यासारख्या वह्या शेकड्यांनी तपासल्या. तुमचे कष्ट वाया गेलेले नाहीत, हे आधी सांगते, कारण तसे मनात घेऊन अनेक मुली अभ्यासच सोडून देताना मी पाहिल्या आहेत.

तुमच्या प्राध्यापिकांनी रेघ का ओढली, ते समजायला इंग्रजीची गरजच नाही. ‘आमच्या गावात माणुसकी बोकाळली आहे’ हे वाक्य तुम्ही मराठीत लिहाल का? कधीही लिहिणार नाही. ‘बोकाळणे’ म्हणजे सर्वत्र पसरणे, हे खरे आहे. परंतु बोकाळतो तो भ्रष्टाचार, बोकाळते ती गुंडगिरी. चांगली गोष्ट बोकाळत नाही, हे तुम्हाला कोणी शिकवले नव्हते. लहानपणापासून तो शब्द ज्या शब्दांच्या सोबतीने ऐकला, त्यांच्यामुळे ते कानात बसले. संकट ओढवते, यश लाभते, शंका बळावते, शांती नांदते. यांच्या जोड्या अदलाबदल करून पाहा, म्हणजे माझे म्हणणे लगेच ध्यानात येईल. ‘रॅम्पंट’ हा नेमका इंग्रजीतला ‘बोकाळलेला’ आहे. तुमच्या वहीतल्या उजव्या बाजूला त्याचा अर्थ आला, त्याची संगत आली नाही.

शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हे भाषाशास्त्रात ठसवून सांगणारे ब्रिटिश अभ्यासक जे. आर. फर्थ हे 1920 च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांचाच विचार पुढे नेणाऱ्या जॉन सिंक्लेअर यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात प्रत्यक्ष वापरातील इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकावर गोळा केला आणि त्यातून 1987 मध्ये कोबिल्ड हा कोश सिद्ध झाला. ‘सेट इन’ (सुरू होऊन ठाण मांडणे) हे साधे क्रियापद बहुधा नकोशा गोष्टींबरोबरच येते, म्हणजे सडणे ‘सेट इन’ होते, निराशा ‘सेट इन’ होते, हे सिंक्लेअर यांना त्या साठ्यातील असंख्य ओळी एकाखाली एक लावून पाहताना आढळले. जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यांनाही हे विचारल्यावर सांगता येत नाही, जसे ‘ओढवणे’विषयी आपण आपणहून सांगत नाही.

आता व्याख्येविषयी. व्याख्या वाचावी, पण कोणत्या कोशातली वाचावी याला फार महत्त्व आहे. जन्माने इंग्रजी भाषक असलेल्यांसाठी रचलेल्या मोठ्या कोशात तुम्हाला भीती वाटते तेच होते, एका शब्दासाठी चार शब्द शोधावे लागतात. परभाषक विद्यार्थ्यांसाठी रचलेले कोश ही अडचण ओळखूनच जन्माला आले. मायकेल वेस्ट ढाक्याला शिक्षकांच्या महाविद्यालयात होते; बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना काय अडते, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले, आणि 1935 मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह असा कोश काढला की ज्यातील सर्व व्याख्या 1490 सोप्या शब्दांतच लिहिलेल्या होत्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत. त्यांचा कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला आणि पुढे ऑक्सफर्डने तो जगभर नेला. 1978 च्या लाँगमन कोशाने व्याख्यांसाठी सुमारे 2000 शब्दांची मर्यादा घालून घेतली. म्हणजे आज तुम्ही विचारत असलेला प्रश्न आपल्याच उपखंडातील वर्गांमध्ये नव्वद वर्षांपूर्वी उभा राहिला होता आणि त्याचे उत्तर फोनवर विनामूल्य पाहता येते.

कोबिल्डची पद्धत मला सर्वांत जवळची वाटते, कारण त्यात व्याख्या हेच एक पूर्ण वाक्य असते. गुन्हेगारी किंवा रोगराई यांसारखी एखादी वाईट गोष्ट आवर न घालता येण्याइतकी वाढत चालली असेल, तर तिला ‘रॅम्पंट’ म्हणतात, अशा धर्तीवर ते सांगतात. ‘वाईट गोष्ट’ हे दोन शब्द तुमच्या वहीत असते, तर ती लाल रेघ आली नसती.

‘कमी करणे’ या एका मराठी अर्थाखाली तुमच्या वहीत किती इंग्रजी शब्द आहेत, ते आज मोजून पाहा. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत हमखास पाच-सहा निघत. ‘ॲलिव्हिएट’ वेदनेसाठी, दारिद्र्यासाठी, ताणासाठी येतो. ‘मिटिगेट’ धोक्यासाठी, दुष्परिणामासाठी येतो. ‘असवेज’ मनातील अपराधीपणा, भीती किंवा भूक यांच्यासाठी, तर ‘मॉलिफाय’ चिडलेल्या माणसाची समजूत काढण्यासाठी. ‘अमीलिओरेट’ म्हणजे बिकट परिस्थिती सुधारणे, त्यामुळे तो खरे तर ‘कमी करणे’च्या रांगेत बसायलाच नको. फी मात्र यांपैकी कशानेही कमी होत नाही. ती ‘रिड्यूस’ होते. मराठीतही दुखणे उतरते, राग निवळतो, भूक भागते आणि भाव पडतो. सगळ्यांना ‘कमी होणे’ म्हटले तर अर्थ पोहोचतो, पण भाषा पोहोचत नाही.

तेव्हा वही फेकू नका. प्रत्येक शब्दाच्या खाली एक ओळ मोकळी असेल, तर त्या ओळीत तो शब्द कशाबरोबर येतो ते दोन-तीन नामांत लिहा. परभाषक विद्यार्थ्यांच्या दोन वेगवेगळ्या कोशांतील उदाहरणे वाचा, कारण दोन्हीकडे तेच नाम दिसले तर ती जोडी पक्की समजावी. त्यानंतर स्वतःच्या आयुष्यातले एक वाक्य लिहून ते कोणाकडून तरी तपासून घ्या. शेवटची पायरी मुले हमखास गाळतात, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त उपयोग तिचाच होतो.

दूरचा वारकरी

मी काही वर्षांपूर्वी हीच परीक्षा देऊन अमेरिकेत आलो. बाईंचे म्हणणे मला मनापासून पटते. परंतु तुमच्याकडे वेळ मोजका आहे, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. नऊशे शब्दांपैकी प्रत्येकाची संगत, दोन कोश आणि तपासलेले वाक्य असा क्रम लावला, तर नोव्हेंबर उजाडेपर्यंत निम्मेही शब्द होणार नाहीत. शब्दांचे दोन गट करावेत. काही शब्द वाचताना ओळखता आले की पुरे; ते तुम्ही आयुष्यात कधी लिहिणार नाही. त्यांच्यासाठी छोटी इंग्रजी व्याख्या आणि एक उदाहरण एवढेच करा. जे शब्द निवेदनात, निबंधात वापरावेसे वाटतात, असे दीडशे-दोनशे शब्द निवडून त्यांच्यावर बाईंनी सांगितलेली सगळी मेहनत घ्या.

परीक्षेचे स्वरूप लक्षात घेणेही आवश्यक आहे. ऑगस्ट 2011 पर्यंत या परीक्षेत सुटा शब्द देऊन त्याचा विरुद्धार्थी शब्द विचारत असत, आणि हातोहात फिरणाऱ्या अनेक जुन्या याद्या त्या काळासाठी बनलेल्या आहेत. त्या प्रकारात एका शब्दाचा एक अर्थ पाठ असला तरी बरेचसे निभावत असे. आता शब्दांचे प्रश्न वाक्याशिवाय येत नाहीत. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा लहान झाली असून भाषेच्या दोन भागांत मिळून 27 प्रश्न आणि 41 मिनिटे असतात, आणि त्यात उतारेही वाचायचे असतात. एका प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे असतात की कोणताही घातला तरी वाक्याचा आशय सारखाच राहील. तिथे पर्यायांमध्ये मुद्दाम समानार्थी शब्दांची एखादी जोडी ठेवलेली असते, जी त्या वाक्यात बसतच नाही. वहीतले अर्थ पाठ असलेला विद्यार्थी नेमका त्या जोडीकडे ओढला जातो. मी पहिल्या तीन सराव परीक्षांत असाच ओढला गेलो. पुढे मी पर्याय हाताने झाकून, रिकाम्या जागी आधी स्वतःचा साधा शब्द, अगदी मराठीसुद्धा, घालून मगच पर्याय पाहू लागलो. तेव्हा ती चूक थांबली.

उजळणीविषयी एक गोष्ट सांगतो. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, आपण ते किती वेगाने विसरतो याची मोजदाद 1885 मध्ये प्रसिद्ध केली. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि नंतर मंदावते, हे त्यांनी दाखवले. सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये चिठ्ठ्या आणि खणांची पेटी सुचवली ती याच तत्त्वाशी जुळते: आठवलेली चिठ्ठी पुढच्या खणात जाते आणि उशिराने समोर येते, विसरलेली पहिल्या खणात परतते. आंकी हे ॲप हेच काम फोनवर करते. अँड्रॉइडवर ते विनामूल्य आहे. तुमची वही झाकून विचारण्याची पद्धत वाईट नाही, परंतु तीत पक्के झालेले सातशे शब्द आणि निसटणारे दोनशे शब्द यांना सारखाच वेळ जातो.

माझी चिठ्ठी कशी असे, ते लिहितो. पुढच्या बाजूला फक्त वाक्य आणि त्यात रिकामी जागा: ‘करप्शन वॉज … इन द ओल्ड रेजीम’, आणि रिकाम्या जागेत पहिले अक्षर ‘आर’. मागच्या बाजूला शब्द, सात-आठ शब्दांची व्याख्या, आणि त्याखाली त्याच्याबरोबर येणारी तीन नामे, म्हणजे भ्रष्टाचार, महागाई, अफवा. पुढच्या बाजूला नुसता शब्द लिहून मागे अर्थ लिहिला, तर सराव शब्दाकडून अर्थाकडे जाण्याचा होतो; लिहिताना मात्र आपल्याला अर्थाकडून शब्दाकडे यायचे असते. रोज दहा नवे शब्द घेतले तर काही आठवड्यांत दररोजची उजळणी शंभराच्या घरात जाते, हे आधीच धरून चाला. दहाऐवजी सहा घेतले तरी हरकत नाही, पण एकही दिवस खंड पडू देऊ नका.

दुभाषी

मी न्यायालयीन कागदपत्रांचे इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करतो. शिकताना मराठी पूर्णपणे बाजूला ठेवावी, असा सल्ला तुम्हाला अनेकजण देतील. माझा त्याला विरोध आहे. मराठीतला एकेरी प्रतिशब्द बाजूला ठेवावा. मराठी ठेवू नये. बाईंनी ‘रॅम्पंट’ तुम्हाला एका क्षणात समजावला तो ‘बोकाळणे’ या मराठी शब्दाच्या आधारानेच.

‘मिटिगेट’ माझ्या कामात रोज येतो, म्हणून त्याविषयी थोडे अधिक सांगतो. 1980 च्या बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा देण्यापूर्वी गुन्ह्याचे गांभीर्य वाढवणारी आणि ते सौम्य करणारी, अशा दोन्ही प्रकारची परिस्थिती तोलून पाहावी, असे सांगितले. त्यांतील दुसऱ्या प्रकाराला ‘मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस’ म्हणतात. आरोपीचे वय, त्याची मानसिक अवस्था, सुधारण्याची शक्यता यांचा त्यात विचार होतो. गुन्हा तितकाच राहतो, त्याच्या परिणामाची धार बोथट होते. ‘मिटिगेट’मध्ये तीव्रता कमी होते, संख्या नव्हे. फी ही संख्या आहे, म्हणून तिथे तो शब्द लागत नाही. फीमुळे घरावर पडणारा ताण मात्र ‘मिटिगेट’ होऊ शकतो.

शब्दाच्या मुळावरून अर्थ काढण्याची सवय लावणारी पुस्तकेही तुमच्या हाती येतील. मुळे लक्षात ठेवायला फार मदत करतात, पण अर्थाची खात्री त्यांच्यावर सोडू नये. ‘ग्रेक्स’ म्हणजे लॅटिनमध्ये कळप. त्यातून ‘ग्रिगेरिअस’, म्हणजे माणसांत रमणारा, ‘सेग्रिगेट’, म्हणजे वेगळे काढणे, आणि ‘इग्रीजिअस’, म्हणजे शब्दशः कळपाबाहेरचा, असे शब्द आले. कळपातून उठून दिसणारा म्हणून ‘इग्रीजिअस’ एके काळी गौरवाचा शब्द होता. आज तो धडधडीत, अक्षम्य अशा चुकीसाठीच वापरतात. आपल्याकडे ‘शिक्षा’ हा शब्द पाहा. संस्कृतात आणि हिंदीत ते विद्यादान आहे, मराठीत दंड आहे. हिंदीतली ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीतली थट्टा. मूळ एकच असूनही हिंदी भाषकाला मराठी वाक्य ऐकल्याशिवाय हे कळणार नाही.

आणखी एक सावधगिरी. आपल्या कार्यालयांतून जे इंग्रजी शब्द मराठीत रुळले आहेत, तेच परीक्षेत फसवतात, कारण ते आपल्याला ठाऊक आहेत असे वाटते आणि आपण कोश उघडतच नाही. रजा ‘सँक्शन’ होते, कर्ज ‘सँक्शन’ होते, म्हणून तो शब्द मंजुरीचा, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. वर्तमानपत्रात एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ लादले जातात, तेव्हा तोच शब्द निर्बंध होतो. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख, आणि ‘ओव्हरसाइट’ म्हणजे नजरचूकही. मी कामाला लागलो त्या पहिल्याच वर्षी एका अहवालातील ‘ड्यू टु ॲन ओव्हरसाइट’चे भाषांतर मी ‘देखरेखीमुळे’ असे केले होते, आणि वरिष्ठांनी ते सही होण्यापूर्वी पकडले म्हणून निभावले. त्या दिवसापासून ओळखीच्या शब्दाचीही कोशातील सर्व उदाहरणे मी शेवटपर्यंत वाचतो.

गोदाकाठ

आपण सर्वांनी एवढा वेळ दिला, याबद्दल मनःपूर्वक आभार. काल रात्री वही घेऊन बसले. ‘कमी करणे’ या अर्थाखाली सात शब्द निघाले आणि ‘सर्वत्र आढळणारा’खाली चार. ‘रॅम्पंट’, ‘प्रेव्हलंट’, ‘पर्व्हेसिव्ह’ आणि ‘युबिक्विटस’ हे चारही मी आजवर एकच समजत होते. दोन कोशांतील उदाहरणे समोरासमोर ठेवली, तेव्हा ‘युबिक्विटस’ हा मोबाइल फोन, चहाची टपरी अशा जिथे जावे तिथे दिसणाऱ्या वस्तूंसाठी चालतो आणि त्यात तक्रार असायलाच हवी असे नाही, हे दिसले. ‘पर्व्हेसिव्ह’ वास, प्रभाव, भीती अशा भिनणाऱ्या गोष्टींबरोबर दिसला. ‘प्रेव्हलंट’ अजून पुरता कळलेला नाही; तो रोगांबरोबर फार वेळा आला, एवढेच आज टिपून ठेवले आहे.

सुचवल्याप्रमाणे दीडशे शब्द लिहिण्यासाठी वेगळे काढते आणि उरलेल्यांच्या रिकाम्या जागेच्या चिठ्ठ्या करते. घरच्या गोष्टींवरून तीन वाक्ये लिहिली आहेत. बाई, सवड असल्यास तपासावीत. गारपिटीने कांदा गेला त्या वर्षाविषयी: ‘द क्रॉप इन्शुरन्स मिटिगेटेड द इम्पॅक्ट ऑफ द हेलस्टॉर्म.’ वसतिगृहात पहिल्या महिन्यात आजी रोज फोन करायची, त्याविषयी: ‘हर फोन कॉल्स असवेज्ड माय फिअर्स.’ आणि गेल्या वर्षी पाऊस वेळेवर आला, त्याविषयी: ‘द टाइमली रेन ॲलिव्हिएटेड माय फादर.’

पाटीपेन्सिल

पहिली दोन वाक्ये जशीच्या तशी ठेवा; ‘मिटिगेट’बरोबर ‘इम्पॅक्ट’ अगदी योग्य जोडला आहे. तिसऱ्या वाक्यात ‘ॲलिव्हिएट’पुढे माणूस आला, तो चालत नाही. पावसाने वडील हलके झाले नाहीत, वडिलांची चिंता हलकी झाली, म्हणून ‘माय फादर्स अँग्झायटी’ असे लिहा. वडिलांनाच वाक्यात ठेवायचे असेल, तर ‘माय फादर वॉज रिलीव्ह्ड’ म्हणता येईल, कारण ‘रिलीव्ह’ माणसाबरोबरही येतो आणि दुखण्याबरोबरही. हा फरक चिठ्ठीच्या मागच्या बाजूला, नामांच्या खाली लिहून ठेवा.

‘प्रेव्हलंट’साठी इतकेच लक्षात घ्या की तो विशिष्ट ठिकाणी किंवा विशिष्ट काळात एखादी गोष्ट किती आढळते, ते सांगतो. म्हणून त्याच्यानंतर बहुतेकदा ‘इन’ किंवा ‘अमंग’ येते: लहान मुलांमध्ये, ग्रामीण भागात, एकोणिसाव्या शतकात. त्यात ‘रॅम्पंट’चा बेबंदपणा नाही. सिन्नरच्या परिसरातले एखादे उदाहरण घेऊन त्याचे वाक्य करा आणि इथेच लिहा, मी पाहीन.